दुसरी चावी कोणाकडे ठेवू

खोलीचा ताबा मिळाला त्या दिवशी ऑफिसातल्या बाईंनी चार ठिकाणी सह्या घेतल्या आणि एका रिंगमध्ये अडकवलेल्या दोन चाव्या माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, एक तुम्ही वापरा आणि एक जवळच्या कोणाकडे तरी देऊन ठेवा, हरवली तर कुलूप तोडावं लागतं. सगळ्यांनाच सांगत असतील त्या हे. मी मान हलवली आणि जिना उतरताना एकेक नाव आठवत गेलो, खाली पोचलो तरी एकसुद्धा नाव सापडलं नाही. त्या दिवशी आनंद व्हायला पाहिजे होता, सगळे तेच म्हणत होते, आणि माझ्या डोक्यात फक्त ती दुसरी चावी.

त्याआधी दोन वर्षं चार महिने मी बाहेर होतो. रस्त्यावर राहिलेली माणसं आपसात 'रस्त्यावर' असं फारसं म्हणत नाहीत, 'बाहेर' म्हणतात. मी वायरमन होतो, कामावर पडलो, उजव्या हाताचं मनगट मोडलं, सहा महिने काम बंद, मग घरात भांडणं, मग कोणाकोणाच्या घरी आठवडा आठवडा, मग तेही संपलं. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही, बहुतेकांचं असंच एकामागून एक होत जातं. मला लिहायचंय ते त्यानंतरचं, कारण बेघर माणसाला घर मिळालं की लोकांना वाटतं गोष्ट संपली आणि माझ्यासाठी तर सगळ्यात अवघड भाग तिथून सुरू झाला होता.

पहिले काही महिने मी पलंगावर झोपलोच नाही. खाली फरशीवर, दाराला पाठ लावून, बूट पायात, बॅग डोक्याखाली. लाइट चालू. बॅगेत सगळं भरून ठेवलेलं, म्हणजे उठ म्हणाले तर उठून निघता येईल. कोणी उठ म्हणणार नाहीये हे माहीत होतं पण शरीराला ते पटत नव्हतं. आणि शांतता... बाहेर कधी शांतता नसते, गाड्या असतात, कोणीतरी खोकत असतं, कोणीतरी झोपेत ओरडतं. खोलीत दार लावलं की काहीच नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आपण तीन दिवस एक शब्द बोललेलो नाही.

इथे एक गोष्ट सांगतो जी बाहेर न राहिलेल्या माणसाला पटायला जड जाते. बाहेर माझी माणसं होती. चांगलीच होती असं नाही, त्यातल्या एकाने माझे पैसे चोरले होते. पण संडासला जायचं असेल तर "बॅगेवर नजर ठेव रे" असं सांगायला कोणीतरी होतं, आणि मीही दुसऱ्यांच्या बॅगा सांभाळायचो. कोण आजारी आहे, कोण दोन दिवस दिसला नाही, हे आम्हाला माहीत असायचं. खोली मिळाली आणि एका दिवसात ते सगळं गेलं, त्या जागी नवीन काही आलं नाही. माझी केस बघणारे साहेब महिन्यातून एकदा यायचे, फॉर्म भरायचे, भाडं वेळेवर आहे का, खोली स्वच्छ आहे का, औषधं घेता का. सगळ्याला टिकमार्क. "बाकी सगळं ठीक ना?" म्हणून निघून जायचे. मी ठीक म्हणायचो. त्यांच्या फॉर्मवर मी खरंच ठीक होतो.

दुसऱ्या महिन्यात बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकडून दादा आले. संस्थेत त्यांना पिअर सपोर्ट वर्कर म्हणायचे, म्हणजे स्वतः त्यातून गेलेला आणि आता दुसऱ्यांना साथ देणारा माणूस, आम्ही सगळे दादाच म्हणायचो. ते स्वतः सहा वर्षं बाहेर होते. आले तेव्हा हातात फाइल नव्हती. खुर्ची एकच होती, ती मी पुढे केली तर ते खालीच बसले, जिथे मी झोपायचो तिथे, आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, "पलंगावर झोपायला मला पाच आठवडे लागले." मी काही सांगितलेलं नसताना. पलंगावरच्या चादरीची घडी तशीच होती ना, त्यांनी ती बघितली होती. मग विचारलं, "दोन चाव्या दिल्या असतील, दुसरी कुठाय?" मी खिशातून काढून दाखवली, दोन्ही एकाच रिंगमध्ये. मला वाटलं यांच्यासाठीच असेल ती, म्हणून म्हटलं, दादा तुम्हीच ठेवा. ते नाही म्हणाले. "माझ्याकडे नको देऊस, मी तुझा शेजारी नाहीये. मी आज आहे, वर्षभराने नसेन. राहू दे खिशात, घाई नाही."

तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. हा माणूस मदतीला आलाय म्हणतो आणि साधी चावी घेत नाही. त्या नकाराची किंमत कळायला मला दीड वर्ष लागलं.

दादा दर बुधवारी यायचे. सल्ला द्यायचे नाहीत, निदान मागितल्याशिवाय नाही. पहिला महिना आम्ही फक्त चाललो. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की रोज एकाच वेळी एकाच रस्त्याने चाल, वेगवेगळ्या रस्त्याने नको. मी विचारलं त्याने काय होतं, तर म्हणाले तुला काही होत नाही, बाकीच्यांना तू दिसायला लागतोस. बाहेर असताना आपण न दिसायची सवय लावून घेतो, सकाळी लोक यायच्या आत उठायचं, सामान लपवायचं, नजर खाली. आता उलटं करायचं होतं. साधारण तीन आठवड्यांनी एका दुकानासमोर पाणी मारणाऱ्या माणसाने मला बघून मान हलवली. मी घरी येऊन बराच वेळ बसून होतो त्या दिवशी. दोन वर्षांत कोणी मला हाकलण्यासाठी किंवा काही देण्यासाठी नाही तर नुसतं ओळखीचा म्हणून बघितलं नव्हतं.

मग वाचनालय. बाहेर असताना मी दुपारी तिथे जायचो, ऊन चुकवायला आणि फोन चार्ज करायला, पेपर तोंडासमोर धरून झोपायचो आणि वॉचमन काठी टेबलावर आपटून उठवायचा. दादा म्हणाले तिथंच जाऊ. मला नको होतं, दुसरं कुठलंही चालेल म्हटलं. पण ते अडून बसले नाहीत, नुसतं म्हणाले तुला वाटेल तेव्हा. मीच दोन आठवड्यांनी म्हटलं चला. आता माझ्याकडे पत्त्याचा पुरावा होता, मेंबरशिपचा फॉर्म भरला, पत्ता या रकान्यात लिहिताना हात थरथरत होता, मनगटामुळे नाही. वॉचमन तोच होता. त्याने मला ओळखलं का नाही मला अजून माहीत नाही. कार्ड बघितलं आणि आत सोडलं. दादा माझ्यासोबत आत आले नाहीत, पायरीवर बसून राहिले, आणि नंतर त्यावर एक शब्दही बोलले नाहीत.

संस्थेचा ग्रुप गुरुवारी संध्याकाळी भरायचा, आठ-दहा जण, गोल करून खुर्च्या. सगळे कधी ना कधी बाहेर राहिलेले. नियम कमी होते पण पक्के होते: इथलं बोलणं इथंच राहील, कोणी कोणाला "तू असं करायला पाहिजे" म्हणायचं नाही, आणि "तू रस्त्यावर कसा आलास" हे विचारायचं नाही. सांगायचं असेल तर तो सांगेल. हा शेवटचा नियम मला फार मोलाचा वाटतो कारण ऑफिसात, दवाखान्यात, शेल्टरमध्ये जिथे जाईल तिथे तो प्रश्न पहिला यायचा आणि प्रत्येक नव्या माणसापुढे परत सगळं उघडं करावं लागायचं.

ग्रुपमध्ये एका प्रश्नावर आमचे तीन गुरुवार गेले असतील: "आधी कुठे राहायचात?" शेजारी विचारतात, कामावर विचारतात, वाईट हेतूने नाही, गप्पा सुरू करायला विचारतात. आणि आमच्यापैकी प्रत्येक जण तो प्रश्न येईल म्हणून माणसं टाळत होता, जिन्यात पावलं ऐकू आली की दाराआड थांबायचं. एका ताईंनी तर कचरा टाकायला रात्री एकनंतर जायची सवय लावली होती. दादा म्हणाले, खोटं बोलायचं नाही कारण मग ते खोटं सांभाळत बसावं लागतं, पण सगळं सांगायची जबाबदारी पण आपली नाही. मग आम्ही एकमेकांना विचारून सराव केला. प्रत्येकाने आपलं वाक्य बनवलं. माझं होतं, "बरीच वर्षं बाहेर होतो, आता इथं स्थिर झालोय, तुम्ही किती वर्षं आहात इथं?" लोकांना स्वतःबद्दल सांगायला आवडतं, उलट प्रश्न आला की ते बोलायला लागतात. हे वाक्य मी किमान चाळीस वेळा म्हणून बघितलं असेल खोलीत.

वापरायची वेळ आली ती शेजारच्या काकूंमुळे. एका संध्याकाळी पॅसेजमधला दिवा गेला, त्या अंधारात कुलूप चाचपडत उभ्या होत्या. मी बॅगेतून टेस्टर काढला, सगळं विकलं होतं मी पण टेस्टर ठेवला होता. होल्डर जळला होता. दुसऱ्या दिवशी नवीन होल्डर आणून बसवला, दहा मिनिटांचं काम, मनगट दुखलं पण झालं. काकूंनी विचारलंच, आधी कुठे राहायचात. मी वाक्य म्हटलं. त्या म्हणाल्या एकोणीस वर्षं, आणि पुढे पंधरा मिनिटं त्याच बोलत होत्या. त्यानंतर मजल्यावर कोणाचं बटण चिकटलं, पंखा आवाज करायला लागला की माझ्या दारावर टकटक व्हायला लागली. मी आता 'बाहेरून आलेला' नव्हतो, वायरमन होतो.

पाचव्या महिन्यात मात्र मी परत बाहेर गेलो. ज्याच्यासोबत मी बाहेरचा जास्तीत जास्त काळ काढला होता तो वारला, आणि मला ते कळलं बारा दिवसांनी. खोली मिळाल्यावर तो दोनदा आला होता राहायला, दुसऱ्या वेळी मी त्याला नाही म्हटलं होतं कारण करारात लिहिलंय पाहुणे मुक्कामाला नकोत, आणि अशाच कारणावरून खोली गेलेला एक जण मला माहीत होता. तो काही बोलला नाही, हसला आणि गेला. त्याच्या जाण्याची बातमी कळली त्या रात्री मी कुलूप लावलं आणि आमच्या जुन्या जागी जाऊन झोपलो. चार रात्री. चौथ्या दिवशी सकाळी दादा शोधत आले. मला वाटलं आता समजावणार. ते शेजारी पुठ्ठ्यावर बसले आणि त्याच्याबद्दल विचारलं, कसा होता, काय आवडायचं त्याला. मी तासभर बोललो असेन. शेवटी म्हणाले, "गुरुवारी ग्रुपमध्ये त्याच्यासाठी बसूया का? त्याचं नाव घेणारं दुसरं कोण आहे?" गुरुवारी आम्ही बसलो, जे त्याला ओळखत नव्हते तेही बसले. मी त्या रात्री खोलीवर गेलो आणि पहिल्यांदा पलंगावर बूट काढून झोपलो. याचं नेमकं कारण मला सांगता येणार नाही, पण झालं तसं.

त्यानंतर जुन्या मित्रांचं काय करायचं हेही ठरवता आलं. संबंध तोडून टाक असं मला दोघातिघांनी सांगितलं होतं, साहेबांनीसुद्धा. दादांनी कधीच नाही सांगितलं. ते म्हणाले खोली तुझी आहे, भेटायची जागा बाहेर ठेव, वार ठरव आणि तो वार चुकवू नको. अजूनही मी रविवारी सकाळी जातो.

वर्ष संपत आलं तेव्हा दादा दर पंधरा दिवसांनी यायला लागले, मग महिन्याने. मला राग यायचा. नंतर मी स्वतः पिअर वर्करचं ट्रेनिंग घेतलं तेव्हा कळलं की असं हळूहळू मागे सरकणं ही मुद्दाम आखलेली पद्धत आहे. न्यूयॉर्कच्या शेल्टरमधून घरात जाणाऱ्या लोकांसाठी क्रिटिकल टाइम इंटरव्हेन्शन नावाची पद्धत तयार झाली, नऊ महिन्यांची, तीन टप्प्यांची. आधी वर्कर सोबत सगळीकडे जातो, मग बाजूला थांबून बघतो की माणसाचे आपले आधार टिकतायत का, मग निरोप घेतो. वाचनालयाच्या पायरीवर बसलेले दादा मला तेव्हा समजले.

ट्रेनिंगमध्ये अजून एक गोष्ट कळली आणि माझी त्या पहिल्या महिन्यांची लाज गेली. आधी घर द्या, नशा सोडा उपचार घ्या अशा अटी घालू नका, हा हाउसिंग फर्स्टचा विचार मानसशास्त्रज्ञ सॅम सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केला आणि त्यांच्या टीममध्ये स्वतः असं जगलेली माणसंही होती. पुढे कॅनडात २००९ ते २०१३ पाच शहरांत दोन हजारांवर लोकांना घेऊन याची मोठी चाचणी झाली. घर टिकण्यात फरक खूप मोठा दिसला, पण आजूबाजूच्या लोकांत मिसळण्यात तेवढा नाही. म्हणजे हे जगभर होतं. मला वाटायचं खोली मिळूनही एकटं वाटतंय म्हणजे मी कृतघ्न आहे. घर पाहिजेच, त्याशिवाय काहीच होत नाही, अटी न घालता पाहिजे हे मी कुठेही उभा राहून सांगेन. पण माणसं त्या घराबरोबर आपोआप येत नाहीत, त्यासाठी वेगळं काम करावं लागतं आणि त्या कामाला वेळ आणि पैसा वेगळा धरावा लागतो.

शिकवणाऱ्या ताईंनी पुसाँची गोष्ट सांगितली. पॅरिसच्या बिसेत्र हॉस्पिटलमध्ये हा माणूस स्वतः पेशंट म्हणून आला होता, बरा झाला, तिथंच कामाला लागला, मनोरुग्णांच्या विभागाचा प्रमुख झाला, १७९७ मध्ये त्याने तिथल्या रुग्णांच्या साखळ्या काढल्या. आणि कामाला माणसं घ्यायचा ती शक्यतो बरे झालेल्या पेशंटमधून. सव्वादोनशे वर्षांपूर्वी. मला त्या दिवशी आपण कोणाच्या तरी मागे उभे आहोत असं वाटलं.

पण पिअर वर्कर म्हणून माझी सुरुवात वाईट झाली. पहिला पोरगा मिळाला, बावीस-तेवीसचा, नुकताच शेल्टरमधून खोलीत आलेला. मी पहिल्या भेटीत त्याला माझी सगळी गोष्ट सांगितली, मनगट, टेस्टर, वाचनालय, सगळं, त्याला धीर येईल म्हणून. पुढच्या वेळी त्याने दार उघडलं नाही. सुपरवायझर ताई म्हणाल्या, "तुझी गोष्ट त्याच्या कामाची असेल तेवढीच काढायची. दादांनी पहिल्या दिवशी किती सांगितलं होतं?" एक वाक्य. पलंगाचं. मी परत गेलो, दाराबाहेरूनच म्हटलं मी पुढच्या मंगळवारी याच वेळी येईन, आणि गेलो, आणि त्याच्या पुढच्या मंगळवारीही. चौथ्या मंगळवारी उघडलं.

त्याच सुमारास दादा आजारी पडले. दोन आठवडे फोन नाही. तेव्हा मला दिसलं की सगळ्यांचा आधार असलेल्या माणसाला स्वतःचा गुरुवार नव्हता. अकरा जण त्यांच्याकडे, मानधन तुटपुंजं, आणि कोणीतरी गेलं की त्यांनी कोणाशी बोलायचं याची काही सोय नाही. अनुभव आहे म्हणून स्वस्तात मिळणारा माणूस असं बघून पिअर वर्कर नेमू नका हो, पगार द्या, सुपरव्हिजन द्या, सुट्टी द्या. मी दादांकडे गेलो, ते पलंगावर नव्हते, खाली होते. मी शेजारी बसलो. काही बोललो नाही फारसं. फ्रँक रीसमन या अमेरिकन अभ्यासकांनी १९६५ मध्ये लिहून ठेवलंय की मदत करणाऱ्यालाच मदतीचा जास्त फायदा होतो, ट्रेनिंगमध्ये ते वाचताना मला खूप पटलं होतं, पण त्या दिवशी वाटलं की ते रोज एकाच बाजूने चालत राहिलं तर माणूस रिकामा होतो. आता आमच्या पिअर वर्करचा वेगळा ग्रुप आहे, सोमवारी. दादा येतात.

काकूंनी त्यांची चावी मला दिली ती माझ्या दुसऱ्या वर्षात. मुलीकडे चालल्या होत्या महिनाभर, म्हणाल्या, झाडांना पाणी घाला आणि मीटरकडे जरा लक्ष ठेवा. देताना त्यांनी काहीच विचार केला नाही, भाजी निवडता निवडता दिली. मी ती घेऊन खोलीत आलो, रिंगमधून माझी दुसरी चावी काढली, वायरचा निळा तुकडा बांधला तिला, ओळखू यावी म्हणून. त्या परत आल्या तेव्हा त्यांची चावी परत करायला गेलो तर म्हणाल्या असू दे तुमच्याकडेच. मग मी माझी पुढे केली. त्यांनी ती दाराआडच्या खिळ्याला अडकवली आणि विषय संपला त्यांच्यासाठी.

गेल्या मंगळवारी त्या पोराकडे गेलो होतो. आता फरशीवर झोपत नाही तो. निघताना त्याने ड्रॉवरमधून चावी काढली आणि माझ्यापुढे धरली, म्हणाला, "ही एक्स्ट्राची आहे, तुम्हीच ठेवा ना." हात पुढे गेलाच होता माझा, खरं सांगतो. मग मी विचारलं, "शेजारी कोण राहतं तुझ्या?" त्याला माहीत नव्हतं. त्याने चावी खिशात टाकली आणि आम्ही दोघं बाहेर पॅसेजमध्ये येऊन उभे राहिलो.